‘इंद्रायणी काठी’ कोणाचा अभंग, आणि तो कसा गावा?

ताई, तुमचा प्रश्न असा: कोथरूडच्या तुमच्या महिला भजनी मंडळाचा आषाढीचा कार्यक्रम आहे, पत्रिका छापायला द्यायची आहे आणि ‘इंद्रायणी काठी, देवाची आळंदी’ या अभंगापुढे रचनाकार म्हणून कोणाचं नाव घालायचं यावर मंडळात दोन तट पडलेत. निम्म्या जणी म्हणतात संत ज्ञानेश्वर, काही जणी म्हणतात संत नामदेव, आणि एकीचं म्हणणं की नाव माहीत नसेल तर सरळ ‘पारंपरिक’ लिहावं. शिवाय हा अभंग मंडळाला बसवायचा कसा, पट्टी कोणती, ठेका कोणता, हेही तुम्ही विचारलंय.

मी गेली चाळीस वर्षं पुण्यात पेटीची साथ करतो आणि शिकवतो. या एका गाण्याला किती वेळा साथ केली असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या चौकात केली, टिळक स्मारकला केली, लग्नाच्या आदल्या रात्रीच्या भजनात केली, आणि माणूस गेल्यावर तेराव्याच्या संध्याकाळीही केली. म्हणून उत्तर थोडं लांबेल.

आधी नावं. हे शब्द गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे. चाल पु. ल. देशपांडे यांची. आवाज पंडित भीमसेन जोशींचा. आणि हे गाणं ‘गुळाचा गणपती’ या 1953 सालच्या मराठी चित्रपटातलं आहे. होय, चित्रपटातलं. ज्या चित्रपटाला ‘सबकुछ पु. ल.’ म्हणतात, कारण कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच, तो. एका हलक्याफुलक्या, विनोदी चित्रपटातून हा अभंग बाहेर पडला आणि थेट वारीच्या वाटेला लागला.

हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. जणू अभंगाची किंमतच कमी झाली. मला नेहमी उलटं वाटत आलंय. सातशे वर्षांच्या परंपरेत विसाव्या शतकातल्या तीन माणसांनी एक नवी ओळ घातली, आणि ती नवी आहे हे वारकऱ्यालाही कळू नये इतकी ती मुरली. एवढं मोठं काम करणाऱ्यांची नावं आपण पत्रिकेतून पुसायची?

आता हा अभंग संतांचा नाही हे ऐकण्यातूनही ओळखता येतं, ते कसं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या एखाद्या रचनेबद्दल वाद झाला तर तुमचा तुम्हालाच निकाल लावता येईल. संतांच्या अभंगात शेवटी बहुधा नाममुद्रा असते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’. ज्ञानदेव आपल्या अभंगांत ‘बापरखुमादेविवरू’ म्हणतात. सोयराबाईंचा ‘अवघा रंग एक झाला’ घ्या, तिथे ‘म्हणे चोख्याची महारी’ अशी सही आहे. ‘इंद्रायणी काठी’त अशी सही कुठेच नाही. शेवटच्या कडव्यात नावं आहेत, पण ती निवृत्ती, सोपान, मुक्ताबाई या भावंडांची आहेत, आणि ती सांगणारा कोणी वेगळाच आहे. दुसरं म्हणजे पहिलीच ओळ ‘लागली समाधी ज्ञानेशाची’ असं म्हणते. स्वतःच्या समाधीचं वर्णन ज्ञानेश्वर असं लांबून उभं राहून कसं करतील? नामदेवांचं नाव पुढे येतं त्याला मात्र कारण आहे. ज्ञानदेवांच्या समाधीसोहळ्याचे त्यांचे अभंग प्रसिद्ध आहेत आणि परंपरेप्रमाणे ते त्या प्रसंगी आळंदीत हजर होते. पण त्या अभंगांत ‘नामा म्हणे’ येतं, इथे नाही.

गदिमांना मुद्रा घालता आली नसती असं नाही. त्यांनी ती घातली नाही, आणि मला ती सचोटी वाटते. संताचं नाव उसनं घेतलं नाही, स्वतःचंही घुसडलं नाही.

अशी सरमिसळ पुण्याला नवीनही नाही. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मध्ये, 1936 साली, ‘आधी बीज एकले’ हे पद होतं. शब्द शांताराम आठवल्यांचे, चाल केशवराव भोळ्यांची, गायले विष्णुपंत पागनीस. तुकोबांच्या गाथेत ते शोधणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. गाथेत सापडेल कसं? आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभातच्या आवारातलं ते बाळ. पुढे 1970 साली ‘झाला महार पंढरीनाथ’मध्ये ‘कानडा राजा पंढरीचा’ आलं. तेही गदिमांचं, संगीत सुधीर फडक्यांचं, गायले फडके आणि वसंतराव देशपांडे. त्याची गल्लत ज्ञानदेवांच्या ‘कानडा हो विठ्ठलु’शी होते, कारण ‘कानडा’ हा शब्द गदिमांनी तिथूनच उचललाय.

उचलला म्हणताना चोरी म्हणत नाही मी. ‘इंद्रायणी काठी’तच बघा. ज्ञानदेवांना ‘ज्ञानियाचा राजा’ म्हटलंय. हे तुकोबांचं. ‘ज्ञानियांचा राजा गुरु महाराव, म्हणती ज्ञानदेव ऐसें तुम्हां’ असा त्यांचा अभंग आहे, आणि पुढे ते स्वतःला पायीची वहाण म्हणवतात. वारकऱ्याच्या कानावर ‘ज्ञानियाचा राजा’ पडलं की मागे तुकोबा उभे राहतात. गदिमांनी दोन शब्दांत दोन संत उभे केले. मग ‘भोगतो राणीव’. राणीव म्हणजे राजेपण, राज्यपद. हा शब्द आज बोलण्यात नाही, संतांच्या भाषेतला आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी हा शब्द दरवेळी विचारतो. बहुतेक जणी राणीशी काही संबंध लावतात. अर्थ माहीत नसताना तो शब्द गायला की आवाजात कळतं. ताई, तालमीला बसल्यावर पहिल्याच दिवशी मंडळातल्या प्रत्येकीला हा शब्द समजावून द्या. राजा आहे, राज्य भोगतोय, पण ते राज्य समाधीचं आहे, आणि बाहेर वैष्णव नाचताहेत. आतली निश्चलता आणि बाहेरचा नाच एका कडव्यात.

आणि ‘अंगणात झाड कैवल्याचे’. आळंदीला देवळात गेलात की सोन्याचा पिंपळ दिसतो, अजानवृक्ष दिसतो. शिवाय ज्ञानदेवांचंच ‘इवलेसे रोप लावियेले द्वारी’ मनात येतं. गदिमांनी यांपैकी कशाचंच नाव घेतलं नाही. कैवल्य म्हणजे मोक्ष, तत्त्वज्ञानातला भारी शब्द, तो त्यांनी अंगणात आणून लावला. ही माझी अत्यंत आवडती ओळ आहे, आणि ती नुसती ‘पार पडते’ अशी गाणारे ऐकले की मला पेटी थांबवावीशी वाटते.

रचनेकडे या. अक्षरं मोजा: इंद्रायणी काठी, सहा. देवाची आळंदी, सहा. लागली समाधी, सहा. ज्ञानेशाची, चार. हा मोठा अभंग, सहा-सहा-सहा-चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात: आळंदी, समाधी. आता तुकोबांचं घ्या. सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. तंतोतंत तोच साचा. चार कडव्यांची 88 अक्षरं, आणि गदिमांनी एकाही ठिकाणी एक अक्षर कमीजास्त केलेलं नाही. संतांच्या अभंगांत पुष्कळदा सातवं अक्षर डोकावतं, कारण तिथे म्हणण्याची सोय आधी आणि मोजमाप नंतर. वर सांगितलेल्या तुकोबांच्या ओळीतच ‘म्हणती ज्ञानदेव’ ही सात भरतात. इथे हात कसलेल्या कवीचा आहे हे त्या काटेकोरपणातूनही कळतं.

अजून एक कारागिरी आहे. दुसरं कडवं ‘मागेपुढे’ या शब्दावर संपतं आणि तिसरं ‘मागेपुढे’नंच सुरू होतं. तिसऱ्यातला ‘उजेड’ चौथ्याच्या तोंडाशी येतो. कडव्याचा शेवट उचलून पुढचं कडवं गुंफायच्या या रीतीला दामयमक म्हणतात. जुन्या मराठी कवितेत ती भरपूर आहे. भजनात हिचा फायदा काय? पुढचं कडवं आठवावं लागत नाही. हातात टाळ असताना, कागद नसताना, मागची ओळच पुढची ओळ हातात देते. गाणं घराघरांत टिकलं त्यात या साध्या सोयीचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे. लोकांच्या तोंडी राहायचं तर गाण्याला आधी लक्षात राहावं लागतं.

आता पु. लं.च्या चालीबद्दल, कारण त्यांच्या संगीतकार असण्याकडे फार दुर्लक्ष होतं. लोकांना ते लेखक म्हणून, एकपात्री प्रयोग करणारे म्हणून माहीत. पण माझ्यासारख्या पेटीवाल्यासाठी ते आधी पेटीवाले. 1953 याच वर्षी ‘देवबाप्पा’ नावाचा चित्रपट आला. त्यात गदिमांचे शब्द, पु. लं.ची चाल आणि आशा भोसल्यांचा आवाज असलेलं ‘नाच रे मोरा’ होतं. म्हणजे बघा, एकाच वर्षात याच जोडीनं एक गाणं बालवाडीला दिलं आणि एक भजनी मंडळाला. दोन्ही आज कोणाचीच नसल्यासारखी सगळ्यांची झाली आहेत. दोघेही 1919 सालचे, गदिमा ऑक्टोबरचे, पु. ल. नोव्हेंबरचे. चौतिशीच्या आतबाहेरचे हे दोन तरुण होते तेव्हा.

भीमसेनजी त्यांच्याहूनही लहान, 1922 चे, म्हणजे एकतीस वर्षांचे. ‘केतकी गुलाब जूही’ हे त्यांचं गाजलेलं हिंदी चित्रपटगीत अजून तीन वर्षं पुढे होतं. गदगकडचा हा कानडी मुलगा कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकला आणि पुढे पुणेकर झाला. सवाई गंधर्व 1952 च्या सप्टेंबरात गेले, आणि शिष्यांनी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला तो 1953 साली. पुण्याचं आकाशवाणी केंद्रही त्याच वर्षी, 2 ऑक्टोबरला सुरू झालं. हे सगळं एका वर्षात घडलं ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गाणं तयार झालं, ते घराघरांत पोचवणारा रेडिओ गावात आला, आणि ते गाणाऱ्या गायकानं त्याच गावात एका मोठ्या परंपरेचा पाया घातला. पुढे दोनच वर्षांनी, 1955 च्या रामनवमीला, त्याच केंद्रावरून गदिमा आणि फडक्यांचं गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर 56 गीतं चाललं. पुणेकरांचा कान कशावर घडला ते या तारखांवरून कळतं.

चाल भीमपलासी रागातली. कोमल गंधार, कोमल निषाद, आरोहात म्हणजे चढताना रिषभ-धैवत नाहीत, मध्यमावर जीव. दिवसाचा तिसरा प्रहर. उन्हं कलताना जी एक हुरहूर असते, ती या रागात उपजतच आहे. पण हुरहूर म्हणजे रडणं नव्हे. समाधी ही शोकाची गोष्ट आहे की आनंदाची? वारकऱ्याला विचारलं तर दोन्ही. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधीचं कीर्तन होतं तेव्हा माणसं रडतात आणि लगेच फुगडीही घालतात. भीमपलासी हे दोन्ही पेलतो. दुसरं कारण व्यवहाराचं. भीमपलासी आपल्या कानाला इतका ओळखीचा आहे की शास्त्र न शिकलेली बाईही त्यात सहसा बेसूर होत नाही. नाट्यसंगीतात तो, भावगीतात तो, कीर्तनात तो. पु. लं.नी एखादा अनवट राग घेतला असता तर गाणं मैफलीत राहिलं असतं, देवळात गेलं नसतं.

मूळ ध्वनिमुद्रण ऐका. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या काळातलं आहे, म्हणजे एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांची मुभा. तेवढ्यात गायकाला काय ते सांगायचं. आणि पुढे भीमसेनजी हेच मैफलीत गायचे तेव्हा त्याला वेळेचं बंधन नव्हतं. ज्यांनी ते बालगंधर्वला किंवा रमणबागेच्या मैदानावर समोर बसून ऐकलं त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. ‘इंद्रायणी’ हा एक शब्द घेऊन ते नदीच्या काठानं चालत राहायचे. पण चाल तीच. मूळ सांगाडा त्यांनी मोडला नाही. मला वाटतं गाणं ‘कायमचं’ होतं ते इथेच: छोट्या मापातही पुरं वाटावं आणि मोठ्या मापातही फाटू नये. तीन मिनिटांत उरकणारं गाणं पुष्कळांना जमतं. वीस मिनिटं ताणल्यावर ज्याचा जीव जात नाही असं गाणं फार थोड्यांना जमतं.

त्यांच्या ‘संतवाणी’च्या कार्यक्रमांनी उरलेलं काम केलं. राम फाटकांनी चाल दिलेलं नामदेवांचं ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’, श्रीनिवास खळ्यांनी बांधलेलं तुकोबांचं ‘राजस सुकुमार’, ‘सावळे सुंदर रूप मनोहर’ अशा रचनांच्या ओळीत ‘इंद्रायणी काठी’ जाऊन बसलं. आजूबाजूला सगळे खरे संत. मधे बसलेल्याला वेगळं कोण विचारतो? ‘संतवाणी’ या नावाखाली ऐकलं म्हणून ती संतांचीच वाणी, असा समज होणं साहजिक होतं, त्यात श्रोत्यांचा दोष नाही. दोष नंतर आमचा, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा, की आम्ही ते सांगितलं नाही.

माझंच सांगतो. 1980 च्या दशकातली गोष्ट, मी नवा साथीदार होतो. नारायण पेठेतल्या एका कार्यक्रमात निवेदकानं हा ‘ज्ञानेश्वर माउलींचा अभंग’ म्हणून सांगितला. मला माहीत होतं. मी पेटीवर षड्ज धरून बसलो होतो, गप्प राहिलो. मध्यंतरात एक आजोबा मंचापाशी आले आणि म्हणाले, ‘अण्णांचं नाव का नाही घेतलंत?’ मला वाटलं भीमसेनजींबद्दल बोलताहेत, कारण त्यांनाही पुण्यात अण्णाच म्हणत. आजोबा म्हणाले, ‘माडगूळकर अण्णा हो. वाकडेवाडीला राहायचे ते.’ गदिमांना जाऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. त्यांचं ‘पंचवटी’ हे घर आमच्या गावात, आणि आम्ही त्यांचं गाणं त्यांच्या गावात त्यांचं नाव न घेता गात होतो. त्या दिवसापासून मी निवेदकाच्या कागदावर स्वतः नावं लिहून देतो.

दुसरा अनुभव याच्या उलट. काही वर्षांपूर्वी एका भजन स्पर्धेत माझ्या विद्यार्थिनींच्या मंडळानं हा अभंग गायला आणि पत्रिकेवर रचनाकार म्हणून गदिमांचं नाव प्रामाणिकपणे लिहिलं. नियम असा होता की रचना संतांचीच हवी. परीक्षकांनी गुण कापले. त्याच स्पर्धेत दुसऱ्या मंडळानं हेच गाणं ‘संत नामदेव’ म्हणून गायलं आणि त्यांचे गुण कापले गेले नाहीत. मुली रडल्या. मला त्याचा राग आजही आहे. तुमच्या कार्यक्रमाला स्पर्धेचं बंधन नाही, पण पुढे कधी भाग घेतलात तर नियम आधी वाचा. संतरचनेची अट असेल तर हा अभंग घेऊ नका. चाल आवडत असेल तर ‘सुंदर ते ध्यान’ याच चालीवर म्हणता येतं, छंद एकच असल्यामुळे अक्षर न अक्षर बसतं. भजनात चाली अशा एकमेकांच्या अंगावर चढवायची रीत जुनीच आहे. मात्र तेव्हाही चाल पु. लं.ची हे सांगायला विसरू नका.

‘पारंपरिक’ लिहायच्या सूचनेबद्दल. तसं लिहू नका, ते कायद्यानंही बरोबर नाही. आपल्याकडे कवीच्या आणि संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. गदिमा 14 डिसेंबर 1977 ला गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत आहे. पु. ल. 12 जून 2000 ला गेले, चालीवरचा हक्क 2060 अखेरपर्यंत. देवळातल्या धार्मिक सोहळ्यात गायला कायद्यात सूट आहे. पण कार्यक्रमाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणार असाल तर तिथे ‘पारंपरिक’ लिहिणं म्हणजे चक्क खोटं विधान होतं. नीट नावं द्या.

गायचं कसं त्याकडे वळतो.

बायकांच्या मंडळाला पट्टी काळी चार किंवा काळी पाच, म्हणजे पेटीची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरायची. तुमच्यात चार आवाज खालचे असतील तर काळी चारच घ्या. मूळ तबकडीच्या पट्टीत गायचा हट्ट धरू नका, तो पुरुषाचा आवाज आहे; त्या पट्टीत तुमच्या अर्ध्या जणी खाली पुटपुटतील आणि अर्ध्या वर किंचाळतील. ठेका भजनी, आठ मात्रांचा. पखवाज मिळाला तर उत्तम, नाहीतर तबला, पण तबलजीला आधीच सांगा की पहिली दोन कडवी नुसता ठेका. टाळ दोनच जोड्या ठेवा. दहा जणी दहा टाळ घेऊन बसल्या की ‘समाधी’ हा शब्द ऐकूच येत नाही, आणि हा अभंग आहे त्या शब्दाचा.

लय. इथे नव्वद टक्के मंडळं चुकतात. सुरुवात ठीक करतात आणि दुसऱ्या कडव्याला पळायला लागतात, कारण ‘नाचती वैष्णव’ आलं की हात आपोआप नाचतात. नाचू देत, पण मुखड्यावर, म्हणजे पहिल्या ओळीवर, परत येताना लय पुन्हा जागेवर आली पाहिजे. लय खरोखर वाढवायची ती अगदी शेवटी, चौथं कडवं झाल्यावर, विठ्ठलाच्या गजराला. त्याआधी नाही.

रागाचं भान. भीमपलासीतला गंधार सरळ बोट ठेवल्यासारखा लावू नका, मध्यमाला स्पर्श करून त्याच्यावर उतरा. चढताना रिषभ आणि धैवत घेऊ नका, उतरताना घ्या. उतरतानाही ते गाळले तर धानी राग होईल. निषाद चुकून शुद्ध लागला तर पटदीप राग डोकावेल. हे सगळं समजावून सांगायची गरज नाही, मूळ ध्वनिमुद्रण आठवडाभर रोज ऐकवा, कान आपोआप धरेल. पेटी वाजवणाऱ्या ताईंना मात्र माझा निरोप द्या: पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, येत नाही, म्हणून दोन सुरांच्या मधली जागा बोटांनी भरायला जाऊ नका. तिथे हात उचला, भाता हलका ठेवा आणि गाणाऱ्यांना ती जागा मोकळी सोडा. गाणाऱ्यांच्या प्रत्येक सुरावर पेटी आपटत राहिली की भीमपलासीचा कणा मोडतो.

शब्द. ‘ज्ञानेशाची’ एका श्वासात. ‘ज्ञा’चा उच्चार आपला मराठी, हिंदीसारखा ‘ग्या’ नको. हल्ली मुलींच्या तोंडी तो फार येतो. ‘देवाची’ आणि ‘आळंदी’ यांच्यामध्ये श्वास घेऊ नका, घ्यायचा तर ‘काठी’नंतर घ्या. ‘आळंदी’चा ळ स्पष्ट हवा. भीमसेनजींची मातृभाषा कानडी, आणि ळ तिथेही भरघोस आहे. त्यांचा ळ ऐका, तोंडात भरलेला असतो. ‘उजेडी राहिले उजेड होऊन’ या ओळीत पहिला ‘उजेड’ आणि दुसरा ‘उजेड’ एकसारखा म्हणू नका. पहिल्यात भावंडं उजेडात उभी आहेत, दुसऱ्यात ती स्वतःच उजेड झाली आहेत. दुसरा शब्द जरा हळू, आवाज वाढवून नव्हे, सोडून. आणि मग निवृत्ती, सोपान, मुक्ताबाई ही तीन नावं नीट सुटी सुटी घ्या. एक त्र्यंबकेश्वरला विसावला, एक सासवडला, एक तापीकाठी, आणि या ओळीत ती पुन्हा एका घरात येतात. माझ्या एका विद्यार्थिनीचा भाऊ गेला त्या वर्षी ती ही ओळ गाताना थांबली होती. मी पेटीवर षड्ज धरून ठेवला आणि उरलेल्या मंडळानं ओळ पुरी केली. भजन एकट्यानं म्हणायची गोष्ट नसते ते त्यासाठीच.

कार्यक्रमात याची जागा पहिली ठेवू नका. आवाज तापायला हवेत. तिसरा किंवा चौथा घ्या, एखाद्या जलद गौळणीनंतर, म्हणजे सभागृह शांत झाल्याचं लोकांना जाणवेल. आणि दुपारचा कार्यक्रम असेल तर वेळही भीमपलासीला जुळेल.

पत्रिकेत एवढंच छापा: ‘इंद्रायणी काठी, देवाची आळंदी. शब्द: ग. दि. माडगूळकर. मूळ संगीत: पु. ल. देशपांडे. मूळ गायक: पं. भीमसेन जोशी. चित्रपट: गुळाचा गणपती (1953).’ निवेदन करणाऱ्या ताईंनी हीच नावं तोंडानंही घ्यावीत, कारण पत्रिका लोक घडी करून पिशवीत टाकतात. जागा उरली तर ‘राणीव म्हणजे राजेपण’ हे खाली बारीक अक्षरात द्या.

माउलींची पालखी यंदा भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात मुक्कामाला येईल तेव्हा दुपारी तिथे बाहेरच्या मांडवांमधून हिंडून या. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मांडवात हे गाणं लागलेलं असतं, आणि पायांना फोड आलेली, आडवी पडलेली वारकरी मंडळी डोळे मिटून ओठ हलवत असतात. त्या ओठांची लय बघा. तुमच्या मंडळाला तीच लय हवी आहे.